बिनझाडांचा मेळावा

"आणि माझ्याकडे कोण येणार?" असं एका अनोळखी बाईनं विचारलं, तेव्हा तो दारात एक चप्पल काढून दुसरीच्या पट्ट्याशी झटत होता. एरवी या वेळेला तो घरी नसे. पण श्रवणयंत्रांच्या दुकानातलं कान तपासायचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं, काचेची ध्वनिबंद खोली रिकामी पडली होती, आणि मालक म्हणाले होते, जा घरी, इथे बसून माशा मारण्यापेक्षा झोप तरी काढा. आत जेवणाच्या टेबलावर वहिनींनी संगणक मांडला होता. नेचेप्रेमी मंडळाची बैठक चालू होती. नेच्यांचं, म्हणजे बिनफुलांच्या फर्नांचं, वेड लागलेली ही सगळी माणसं येत्या मोसमात समुद्रापलीकडच्या एका देशात, तिथल्या तशाच वेड्यांना भेटायला निघाली होती, आणि वहिनी मंडळाच्या चिटणीस असल्यामुळे सगळी जुळवाजुळव त्यांच्याच गळ्यात होती. प्रश्न विचारणारी बाई तिकडची चिटणीस होती. दोन्हीकडच्यांना जेमतेम जमेल अशा तिसऱ्याच भाषेत ती बोलत होती, हसत बोलत होती. हसू संपायच्या आत वहिनींचं उत्तर आलं. "तुमच्याकडे कोणी नाही. मी येत नाहीये."

तो तसाच उभा राहिला, एक पाय गार फरशीवर आणि एक पाय चपलेत. मग तिकडची बाई "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि बैठक पुढे सरकली, विमानतळावरून बस किती मोठी लागेल या विषयावर गेली. दिवसभर माणसांच्या कानांशी त्याचं काम. कोणाचा आवाज कुठे अडखळतो, कोण न ऐकताच ऐकल्याची मान हलवतं, हे त्याला न बघता कळे. वहिनींच्या आवाजात काही अडखळलं नव्हतं. भाजीवाल्याला "आज नको" म्हणावं तसं त्या म्हणाल्या होत्या, म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. त्याला लगेच वाटलं, हे माझ्यामुळे. त्याला चक्कर येते. साधी नव्हे, कानाच्या आतल्या पाण्याचा काहीतरी तोल जातो आणि खोलीची उजवी बाजू खाली खचू लागते, भिंत फरशीवर येते, आणि हाताला लागेल ते धरून डोळे मिटून पडून राहावं लागतं. दुकानात याची थट्टा व्हायची, कानवाल्याचाच कान बिघडला म्हणून. एकदा न्हाणीघरात पडून त्याच्या भुवईला टाके पडले, तेव्हापासून वहिनी एकही रात्र घराबाहेर राहिलेल्या नव्हत्या. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेल्या आणि अक्षता पडल्यावर उलट पावली परत आल्या. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आज लवकर आलो." वहिनी म्हणाल्या, "दार ऐकलं मी," आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढचे कितीतरी दिवस तो वहिनींना बघत राहिला. एका घरात इतकी वर्षं राहून आपण या बाईला कधी नीट बघितलंच नाही, असं त्याला वाटू लागलं. दादाची बायको म्हणून त्या घरात आल्या, दादा गेल्यावर दोघंच उरली, आणि तेव्हापासून सकाळचा चहा, गॅसचा सिलिंडर, विजेचं बिल, कोणाच्या तरी मयताला कोणी जायचं, यापलीकडे फारसं काही बोलायची वेळ आली नव्हती. नेच्यांचं प्रकरण त्यानं विरंगुळा म्हणून सोडून दिलं होतं. आता मात्र तो दुकानातून येताना रेंगाळत नसे. मेळाव्याची वहिनींच्या त्या उत्तराआधीची गोष्ट, जी तेव्हा अर्धवटच कानावर पडली होती, त्यानं आता तुकड्यातुकड्यांनी जुळवली. मूळ कल्पना अध्यक्षांची होती: मोठं सभागृह, दोन्हीकडची भाषणं, आणि मध्ये लांबलचक टेबलावर प्रत्येकानं आणलेलं आपलं झाड. मग कोणीतरी तिकडचे नियम वाचले. झाड नाही, माती नाही, बीजाणूंची चिमूटभर पूडही विमानातून न्यायची नाही. मंडळाचं अवसानच गळालं. त्या बैठकीत टपाल नावाचा सभासद बोलला. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. वाक्य निघालं की पोचायला वेळ लागायचा, म्हणून टपाल. तो म्हणाला, "मग आपण... तिकडे जाऊन... काय... एकमेकांची तोंडं बघायची?" तोवर बाकीचे दुसऱ्याच विषयावर गेले होते, त्यामुळे जो तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. चार दिवस त्या नेच्यांवर पाणी फवारताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायच्या, आणि मग एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना फोन लावले.

सभागृह नको, असं त्यांचं म्हणणं होतं. इकडच्या प्रत्येकानं तिकडच्या एकेकाच्या घरी जायचं, आणि ते घरही असं निवडायचं की जिथे आपल्याकडे आहे तोच नेचा वाढतो. "आपलं झाड आपल्या खिडकीत कसं राहतं ते आपल्याला पाठ आहे," त्या फोनवर सांगत होत्या आणि तेव्हा त्यानं ते वर्तमानपत्रामागून ऐकलं होतं. "तेच झाड दुसऱ्याच्या घरी कसं राहतं, त्याला तिथं काय खायला-प्यायला मिळतं, ते बघायला जायचं. झाडं जाऊ शकत नाहीत ना? मग आपण जाऊ त्यांच्याकडे." अध्यक्ष चांगलेच फुरंगटले. घरी येऊन बसले, चहा घेतला, म्हणाले, हा काय मेळावा झाला, ना भाषण ना सत्कार, हे तर पाहुण्यांचं जेवण झालं. वहिनी म्हणाल्या, "सत्कार तुमचा विमानतळावरच करायचं ठरलंय. सगळ्यांच्या आधी." अध्यक्षांनी जरा वेळ बशीकडे बघितलं आणि शालीचा रंग कोणता असावा याबद्दल बोलायला लागले. ते गेल्यावर त्यानं विचारलं, "खरंच ठरलंय?" वहिनी कपबश्या उचलत म्हणाल्या, "आत्ताच ठरलं."

जोड्या लावायचं काम तेव्हापासूनच सुरू होतं, आणि आता त्यात वहिनी अशा रंगल्या की तो बघतच राहिला. नुसता नेचा सारखा असून भागत नव्हतं. माणसं एकमेकांसमोर दिवसभर बसली पाहिजेत. मंडळातल्या डॉक्टरीणबाईंना कोणी चूक दाखवलेली खपत नाही; त्यांना वहिनींनी नुकतंच नेचे लावायला शिकलेल्या एका तरुण जोडप्याकडे धाडलं, म्हणजे बाईंना दिवसभर शिकवता येईल आणि त्या दोघांना दिवसभर ऐकता येईल. जिना चढू न शकणाऱ्या आजींसाठी तळमजल्यावरचं घर शोधलं आणि तिथल्या माणसाला फोन करून न्हाणीघराला उंबरा आहे का ते विचारलं. एके दिवशी त्या त्याच्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमच्या धंद्यातलं एक विचारायचंय. ठार बहिऱ्या माणसाशी कसं बोलावं?" तिकडे एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांच्या बागेत सगळ्यात जुने नेचे होते आणि ज्यांच्याकडे जायला कोणीच तयार नव्हतं. त्यानं सांगितलं, ओरडू नये, ओरडलं की चेहरा वाकडा होतो. उजेडाकडे तोंड करून बसावं, तोंडापुढे हात आणू नये, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलावं, घाई केली की संपलं. वहिनी ऐकता ऐकता हसायला लागल्या. "म्हणजे टपाल," त्या म्हणाल्या. जन्मभर ज्याच्या बोलण्यावर लोक जांभया देत आले, तो टपाल तिकडच्या सगळ्यात जुन्या बागेत जाणार होता, आणि तिथे त्याच्या प्रत्येक शब्दाची वाट बघणारा माणूस बसलेला असणार होता. दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत एका आजोबांच्या कानाला शिट्टी ऐकवताना त्याला हे आठवलं, आणि आजोबांनी बटण कधी दाबलं ते त्याचं बघायचंच राहून गेलं. इतक्या माणसांच्या मनात एकाच वेळी ये-जा करता येणं म्हणजे काय असेल, याचा तो विचार करत होता. त्याला स्वतःला एका माणसाच्या मनातही धड जाता आलं नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी एक लग्न ठरता ठरता राहिलं, ते याच कारणानं, असं दादा म्हणायचा.

दादा आठवला की त्याला ती दुपार आठवे. दादा अंथरुणाला खिळून महिने झाले होते. डॉक्टर म्हणायचे, सुधारणा आहे. नातेवाईक म्हणायचे, उन्हाळा सरला की हिंडायला लागशील. तो स्वतःही तसंच म्हणायचा, उशा सारख्या करताना, नजर चुकवून. आणि दादा दिवसेंदिवस चिडका होत चालला होता, पाण्याचा पेला भिरकावायचा, वहिनींना नाही नाही ते बोलायचा. त्या दुपारी तो गरम पाण्याची पिशवी घेऊन दाराशी आला तेव्हा वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. "अहो," त्या म्हणत होत्या, "बरं वाटणार नाहीये. मी विचारून आले. कोणाला भेटायचं राहिलंय का तेवढं सांगा." त्याच्या हाताला पिशवीचे चटके बसत होते आणि त्याला वाटलं, ही बाई आहे की कोण. कित्येक दिवस तो त्यांच्याशी मनातून बोलला नाही. पण दादा त्या दुपारी, कितीतरी आठवड्यांनी, घोरत झोपला होता. जागा झाल्यावर त्यानं शाळेतल्या एका मित्राचं नाव सांगितलं, वहिनींनी त्या मित्राला शोधून आणलं, आणि ते दोघं म्हातारे मित्र दार लावून तासभर खिदळत बसले. पुढे दादाच्या पेन्शनच्या कामासाठी वहिनी एका सरकारी कचेरीत रांगेत उभ्या होत्या, तिथे गळक्या पाइपाखाली भिंतीच्या भेगेतून एक नेचा बाहेर आलेला त्यांना दिसला. तो त्यांनी केसातल्या आकड्यानं सोडवून ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणला. त्याला वाटलं, दुःखानं असं होतं माणसाला. त्यानं चहाचा एक जुना मग धुऊन दिला, आणि विषय संपला असं धरून चालला.

वहिनी खोटं बोलत नाहीत, हे त्याला त्या दुपारपासून पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारायला इतके दिवस लागले. विचारलं की खरं उत्तर येणार, आणि खरं उत्तर म्हणजे आपण, आपला तो फुटका कान. शेवटी एका रविवारी तो मागच्या खोलीत गेला. वहिनी तिथे झाकणाचे पारदर्शक डबे पुसत होत्या.

"वहिनी, तुम्ही जात नाही आहात."

"नाही."

"मी ऐकलं त्या दिवशी. माझ्यासाठी तुम्ही असं अडकून पडू नका. मला चक्कर काही रोज येत नाही."

वहिनींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, जशी रेडिओ आपोआप सुरू झाला तर टाकावी. "तुमच्यासाठी?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्हाला कोण काय खाणार आहे? तुमची सोय शेजारच्या काकांनी केव्हाच कबूल केलीय. मी थांबतेय ती यांच्यासाठी." आणि त्यांनी डब्याचं झाकण उचललं.

आत तळाला नुसता हिरवा ओशटपणा होता. वाकून पाहिल्यावर त्यात नखाएवढी, पातळ, बदामाच्या आकाराची पापुद्र्यासारखी पानं दिसली, एकमेकांवर रेललेली. ही ज्या नेच्याची सुरुवात होती, तो नेचा इकडे आता कुठेच उरला नव्हता. मंडळातल्या एका जुन्या सभासदानं मरण्याआधी त्याचं वाळकं पान वहिनींना दिलं होतं. त्या पानामागची तपकिरी पूड त्यांनी जितक्यांदा पेरली तितक्यांदा बुरशीनं खाल्ली. ही शेवटची चिमूट होती, आणि ती उगवली होती. आता या पापुद्र्यांवर रोज हलकं पाणी धरलं, तरच त्यांच्यातून खरा नेचा फुटणार होता, आणि तो फुटायची वेळ नेमकी मेळाव्याच्या दिवसांत होती. जिवंत, वाढलेला असा हा नेचा तिकडच्या चिटणीसबाईंच्या अंगणात होता. त्याचे फोटो वहिनींनी इतकी वर्षं पाहिले होते. म्हणून त्या घराशी दुसऱ्या कोणाची जोडी लागतच नव्हती.

त्याला आधी हायसं वाटलं आणि मग, त्याची त्यालाच लाज वाटावी असा, राग आला. इतके दिवस तो स्वतःला एका बाईच्या वाटेतला धोंडा समजत होता, त्या समजुतीत नाही म्हटलं तरी थोडा मान होता. आणि इथे धोंडा निघाला नखाएवढा. "मी सांभाळतो," तो म्हणाला.

"नको."

"मला शिकवा. पाणीच तर मारायचंय."

"आणि चक्कर आली तर? तुम्ही पडलात तर काका तुम्हाला उचलतील. यांच्यावर पडलात तर यांना कोण उचलणार?"

त्याला हसू फुटलं. त्याच्या दुखण्याबद्दल दुकानातले लोक विनोद करायचे ते त्याच्या पाठीमागे, नातेवाईक बोलायचे ते आवाज खाली आणून. असं समोर, डबा हातात घेऊन, कोणी बोललं नव्हतं. हसता हसता तो खाली बसला, भिंतीला पाठ टेकून, आणि म्हणाला, "मग डबे खाली ठेवा. फळीवर कशाला? मी फरशीवर बसून करीन. बसल्या जागी चक्कर आली तर मागे भिंत आहे." वहिनी उभ्याच होत्या. त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा फरशीकडे, खिडकीतून येणारा उजेड कुठवर पोचतो तिकडे. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून आला तेव्हा डबे भिंतीलगत खाली मांडलेले होते आणि शेजारी एक चपटी उशी होती.

त्यानंतर त्याची परीक्षा सुरू झाली. पाणी उकळून गार करायचं, तेही झाकून. फवारा वरून मारायचा नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला मारायचा, म्हणजे थेंब आपले आपण उतरतात. भिंगातून रोज बघायचं. पांढरा धागा दिसला की ती बुरशी, चहाच्या चमच्याच्या टोकानं तिच्या आजूबाजूचं चांगलंही थोडं घेऊन उचलून टाकायची, जीव कळवळला तरी. त्याच्या हाताला ते जमत होतं. कानाच्या पोकळीत बारीक यंत्रं बसवून बसवून हात धीराचा झाला होता. पण वहिनी काही कौतुक करत नव्हत्या. त्या मागे उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या उभं राहण्यातून त्याला कळायचं की पाणी जास्त झालं. एकदा त्यानं वैतागून विचारलं, "माझी परीक्षा कधी संपणार?" त्या म्हणाल्या, "मला बघायची गरज वाटेनाशी झाली की." मध्येच एका सकाळी त्या आल्या नाहीत. तो बराच वेळ पाठीमागचा वास, पावलं, बांगड्यांचा आवाज यांची वाट बघत बसला. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, त्या परक्या भाषेत, जरा चढा, जरा भरभर. "तुमच्याकडे मी येतेय," असं त्या कोणाला तरी सांगत होत्या. पलीकडची बाई काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, पण ती जे हसली ते भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं.

निघायच्या दिवशी अध्यक्ष शाल घेऊन आले, टपाल सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या शेवटी गाडीत बसला, डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी दोनदा उपसून पुन्हा भरली. वहिनी नव्या बुटांत जरा अवघडून चालत होत्या. गाडीचं दार लावताना त्या त्याला काहीतरी सांगतील असं त्याला वाटलं होतं, पाण्याबद्दल, झाकणाबद्दल. त्या म्हणाल्या, "जेवत जा," आणि गाडी गेली.

घरात एवढी शांतता त्यानं कधी अनुभवली नव्हती. दुकानातल्या काचेच्या खोलीत शिरलं की कानाला दडा बसल्यासारखं होई, तसं आता सगळं घर झालं. सकाळी आणि दुकानातून आल्यावर तो उशीवर बसे. भिंगाखाली ते बदाम इतके मोठे दिसत की त्यांच्यावरच्या थेंबात खिडकीचे गज दिसत. त्याला जाणवलं की इथे बसल्यावर त्याचा श्वास सावकाश होतो, आणि वहिनी इतकी वर्षं रोज सकाळी या खोलीत जाऊन काय करत होत्या ते थोडंसं, अगदी थोडंसं, कळल्यासारखं वाटतं. आणि मग एके दिवशी पांढरा धागा दिसला. दुसऱ्या डब्याच्या डाव्या कोपऱ्यात, कापूस पिंजून ठेवावा तसा. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग चमचा उकळला, गार केला, हात भिंतीला टेकवून स्थिर केला आणि कोपरा उचलून काढला. त्याच्याबरोबर बरंच चांगलंही आलं. डब्यात काळं भगदाड पडलं. तो हात धुऊन आला आणि फोनची वाट बघत बसला. वाक्य तयार करत होता, पुन्हा मोडत होता. त्याला वाटलं, सांगूच नये. त्या तिकडे अंगणात उभ्या असतील, इतक्या वर्षांनी, कशाला त्यात माती कालवायची. मग त्याला दादाच्या पलंगाची कडा आठवली, आणि वाक्य तयार करायचं त्यानं सोडून दिलं.

फोन आला तेव्हा इकडे सकाळ होती आणि तिकडे दिवेलागण. मागे भांड्यांचा आवाज होता, कोणीतरी शेगडीशी होतं. वहिनींचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता असा होता, धावत जिना चढून आल्यासारखा. "भाऊजी, तो माझ्या खांद्याएवढा आहे," त्या म्हणाल्या. "फोटोत कळत नाही हो. मी नुसती उभी राहिले. या बाईंनी मला खुर्ची आणून दिली, मी बसलेच नाही. आणि तुमचा टपाल, ऐका, तो त्या आजोबांकडून परत यायलाच तयार नाही. दोघं कालपासून बोलतायत. त्यांची सून म्हणते, आजोबा इतकं वर्षभरात बोलले नव्हते."

तो ऐकत राहिला. त्या थांबल्या तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या डब्याला बुरशी लागली. डावा कोपरा. मी काढली, पण बरंच चांगलं गेलं त्यात. निम्मा डबा गेला असं म्हणायला हरकत नाही."

वहिनींनी विचारलं,

"मुळापासून काढली?"

"हो. खालच्या मातीसकट."

"मग बरोबर केलंत. मीही तेच केलं असतं," त्या म्हणाल्या. मग पलीकडच्या बाईंशी त्यांच्या त्या भाषेत दोन शब्द बोलल्या, आणि परत फोनवर आल्या. "भाऊजी, मंडळी परवा निघतायत. मी आठ दिवस मागून येते. इथे डोंगरात एक ओढा आहे, त्याच्या काठानं हा सगळा उगवलाय म्हणे. या बाई मला घेऊन जाणार आहेत. जाऊ ना?"

इतक्या वर्षांत वहिनींनी कुठे जाण्याआधी त्याला विचारलं नव्हतं, आणि आत्ताही त्या परवानगी मागत नव्हत्या, हे त्याला कळत होतं. निम्मा डबा गेल्याचं ऐकून झाल्यावर त्या उरलेला निम्मा आणखी आठ दिवस त्याच्या हाती ठेवत होत्या. तो म्हणाला, "जा. बूट चावत असतील तर मोजे दोन घाला."

फोन ठेवून तो मागच्या खोलीत आला. दुकानाला उशीर होत होता. त्यानं पाणी उकळायला ठेवलं, आणि ते गार होईपर्यंत उशीवर बसून राहिला.